दादाचं ‘नाही’

“तू गाढव आहेस का?”

“होजी.”

“तुझ्या बापाला चार पाय होते का?”

“होजी.”

“आणि शेपूट?”

“होजी.”

कोर्ट हसलं. मागच्या बाकावर आपापल्या तारखांसाठी बसलेली माणसं हसली. दारातला चपराशी हसला. साहेबांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. माझा भाऊ पिंजऱ्यात हात जोडून, मान खाली घालून उभा होता. सगळे हसताहेत म्हणून तोही हसला. त्याला हसणारी माणसं आवडायची.

प्रश्न विचारणारा वकील मालकाचा नव्हता. आमचा होता. मी शोधलेला, मी ठरवलेला.

सुकरूदादा माझा मोठा भाऊ. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. मी तीन वर्षांनी लहान. कारध्याला खोली करून राहायचे आणि जवळच्या एका खेड्यात शाळा शिकवायचे. नवरा जवाहरनगरला कामाला, शनिवारी यायचा. माय आणि दादा आमच्या गावी, बपेऱ्याकडं. गावाचं नाव सांगत नाही. तसली गावं त्या भागात ढिगानं आहेत, कोणतंही धरून चाला.

दादाला त्या दिवशी मीच कोर्टात आणलं होतं. त्याला आंघोळ घातली, नवा सदरा घातला, केस विंचरले. आणि आणून सगळ्यांसमोर गाढव केलं. कारण मला त्याची पालक व्हायचं होतं. कायद्यानं. तो वेडा आहे असं सिद्ध झालं तरच ते होणार होतं.

हे असं का करावं लागलं, ते सांगते.

दादा तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला. आठवडाभर उतरला नाही. माय सांगते, तापातून उठला तेव्हा त्याचं अर्धं बोलणं गेलं होतं. पुढं अंगानं वाढला, पण आकडे, वार, अक्षरं, यातलं काही डोक्यात शिरलं नाही. मोहल्ल्यात त्याला कोणी वेडा म्हणत नव्हतं. ‘साधा आहे’ म्हणायचे. साध्या माणसाला जमतील अशी कामं गावात पुष्कळ असतात. धानाच्या बांधीत पाणी साठवलं की खेकडे धुऱ्याला, म्हणजे तिच्या मातीच्या कडेला, बिळं पाडतात आणि पाणी खालच्या शेतात निघून जातं. दादा धुऱ्यावरून अनवाणी चालायचा आणि पायालाच कळायचं त्याच्या, बीळ कुठं आहे. मग चिखलाचा गोळा आणि टाच. त्याच्या राखणीतली बांधी कधी आटली नाही.

आणि तो ‘नाही’ म्हणायचा. लहान पोरं म्हणतात तसं, बेधडक.

तो नऊ वर्षांचा होता, मी सहा. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, तेव्हा कायद्यानं गेली होती. मालक गेले नव्हते. मोठे मालक घोडीवरून आमच्या मोहल्ल्याच्या कडेनं चालले होते आणि त्यांच्या पायातला जोडा निसटून चिखलात पडला. दादा तिथंच बसला होता, हातात जिवंत खेकडा.

“ए, उचल.”

“नाही,” दादा म्हणाला. “मी खेकडा धरून राहिलो.”

त्या मोहल्ल्यातून हा शब्द मोठ्या मालकांनी कधी ऐकला नसावा. ते दादाला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या बाबांकडं पाहिलं. बाबा धावत आले, जोडा उचलला, गमछ्यानं पुसला, त्यांच्या पायात घातला. मग बैल हाकायची तुतारी घेतली. काठीच्या टोकाला खिळा असतो ती. आणि दादाच्या पाठीवर मारायला लागले. टोकाकडून.

“म्हण, होजी. म्हण.”

मालक घोडी थांबवून पाहत होते. दादाला कळत नव्हतं काय म्हणायचं आहे. तो ‘माय’ म्हणत होता, ‘खेकडा गेला’ म्हणत होता. शेवटी म्हणाला, “होजी.” तेव्हा घोडी पुढं गेली.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी मारलं नसतं तर मालकाच्या माणसांनी मारलं असतं, आणि ते काठी मोडेपर्यंत थांबले नसते. हे मला आता समजतं. समजलं म्हणून राग कमी होत नाही. राग बाबांवर नाही, असंही मी म्हणणार नाही. त्यांच्यावरही आहे.

दादा आयुष्यात हा एकच धडा शिकला, आणि तो मात्र त्याच्या डोक्यात पक्का बसला. मोठा माणूस बोलला की हात जोडायचे, मान खाली, होजी. दहाव्या वर्षी तो मालकाकडं गुरं राखायला लागला. गोठ्यात झोपायचा. त्याची जेवायची ताटली गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची, घरातल्या भांड्यांत ती येत नसे. हंगामाच्या दिवसांत तेवढा मायजवळ यायचा.

छप्पन साली बाबा दीक्षा घेऊन आले. घरातले देव टोपल्यात भरले आणि नदीत सोडले. मी सोबत होते. परत येताना बाबा ताठ चालत होते. मला फार आनंद झाला होता. आणि गावाच्या वेशीवर मालकाचा दिवाणजी भेटला, म्हणाला, “काहून रे, लय तोऱ्यात चालून राहिला?” बाबांची मान खाली गेली. “होजी,” म्हणाले. देव गेले होते. होजी त्या टोपल्यात मावलं नव्हतं.

पुढं कुळाची दीड एकर बांधी बाबांच्या नावावर लागली. गावतळ्याच्या खाली, पाण्याची जागा. बाबा गेले तेव्हा तलाठ्यानं ती एकट्या दादाच्या नावावर चढवली. माय बाईमाणूस, मी परक्या घरची. आम्हीही का म्हणून विचारलं नाही. विचारायची सवय कुठं होती?

मोठे मालकही तोवर गेले होते. त्यांचा मुलगा आता मालक. शिकलेला, जीपमधून फिरणारा, मला ‘मास्तरीण बाई’ म्हणणारा. एके दिवशी त्यानं दादाला जीपमध्ये बसवलं. दादा जीपमध्ये पहिल्यांदाच बसला होता. संध्याकाळी मायला अंगठा दाखवायला आला.

“माय, पाह्य. निळा.”

“काहून रे निळा?”

“मालकानं रंगवला.”

मायनं तो राखेनं घासून धुतला. डाग जाईपर्यंत धुतला. तिला वाटलं, काहीतरी लागलं असेल. पुढच्या महिन्यात आमच्या बांधीत मालकाचा नांगर चालला, तेव्हा तिला तो अंगठा आठवला, आणि तिनं मला निरोप धाडला.

मी वकिलाकडं गेले. वकील म्हातारे होते, भले होते, हे आजही म्हणते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “विक्रीपत्र रद्द करायचा दावा तुमच्या भावानं लावायला हवा.”

“त्याला काही समजत नाही.”

“मग त्याच्या वतीनं कोणीतरी.”

“मी लावते.”

“तुम्ही कोण?”

“मी बहीण.”

“तो सज्ञान आहे, बाई. सज्ञान माणसाच्या बाबतीत कायद्याला बहीण-आई कोणी माहीत नाही. आधी तो स्वतःचं बघायला असमर्थ आहे असं कोर्टानं ठरवायचं. मग तुम्हाला पालक नेमायचं. मग जमीन. मग त्याला मालकाच्या गोठ्यातून घरी आणणं. सगळं त्याच्यानंतर.”

“कोणत्या कायद्यानं?”

ते थोडे अडखळले. “इंग्रजांच्या वेळचा आहे. वेड्यांचा कायदा. त्याचं नावच तसं आहे, त्याला काय करणार?”

अर्ज घेऊन गेले तर खिडकीतल्या बाबूनं तो उलटसुलट केला. “अर्जदार बाई? घरात पुरुष कोणी नाही का?” मी म्हटलं, आहे. “मग त्याला पाठवा.” शनिवारी नवरा आला, त्याला सांगितलं. तो भाकर खाता खाता म्हणाला, “भाऊ तुहा, अर्ज तुहा. मी कायले जाऊ? त्याले सांग, मी माह्या मनानं आली, नवऱ्यानं धाडलं म्हणून नाही.” सोमवारी पुन्हा त्याच खिडकीशी गेले आणि हेच सांगितलं. अर्ज घेतला. तेवढ्यावर मला वाटलं होतं, मी फार मोठी लढाई जिंकले.

मग डॉक्टर. सरकारी. त्यांच्याकडं एक यादी होती.

“आज वार कोणता?”

दादा म्हणाला, “बाजार.”

तो खरंच बाजाराचा दिवस होता. दादाला वार बाजारावरूनच कळायचे. कोणत्या गावच्या बाजाराला बैलगाड्या चालल्या, की तो दिवस. डॉक्टरांनी लिहिलं, ‘वार सांगता येत नाही.’ मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्यांनी तेच लिहायला हवं होतं. भावाला जे येतं ते कोणाला दिसू नये, यासाठी मी धडपडत होते. असली ही तपासणी. मी बाजूला उभी राहून भावाची अक्कल लपवत होते.

आता कोर्टाच्या त्या दिवसाकडं परत येते. कोर्टाच्या हुकमावर मालकानं दादाला तेवढ्या तारखेपुरतं सोडलं होतं.

सकाळी वकील म्हणाले होते, “बाई, मला त्याला थोडं वेडंवाकडं विचारावं लागेल. त्याशिवाय साहेबांच्या लक्षात येणार नाही. चालेल ना?”

आणि मी म्हटलं होतं, “होजी.”

काय विचारणार, हे मी विचारलं नाही. मी मॅट्रिक झालेली, ट्रेनिंग केलेली बाई. चाळीस पोरांना हाताळणारी. पण समोर खुर्चीवर वकील बसलेले आणि मी उभी. बस. माझ्या तोंडून ते आपोआप आलं. दादाला निदान तुतारीनं शिकवावं लागलं होतं. मी नुसतं बघून शिकले होते.

गाढव, बाप, शेपूट. दादाचं झालं. त्याला खाली आणून माझ्याजवळ बसवलं. त्यानं मला हळूच विचारलं, “बरोबर बोललो?” मी मान हलवली. काय सांगणार होते?

मग मायची साक्ष. मालकाचा वकील उठला. नागपूरहून आणलेला. आवाज लोणी लावल्यासारखा. माय पिंजऱ्यात, आणि बरोबर तिच्या नजरेच्या रेषेत मालक बसलेले, मांडीवर हात ठेवून.

“आजी, सुकरूला लहानपणापासून मालकांनीच सांभाळलं ना?”

“होजी.”

“कधी उपाशी ठेवलं नाही?”

“होजी.”

“अंगठा त्यानं राजीखुशीनं दिला ना?”

“होजी.”

“तुम्हालाही विचारलं होतं ना?”

“होजी.”

माय वकिलाशी बोलतच नव्हती. ती मालकाकडं बघत होती. शपथ घेतलेली माझी माय, पोराची जमीन गेली म्हणून तीन दिवस चूल न पेटवलेली. प्रत्येक होजीला केस आमच्या हातातून निसटत होती आणि तिला ते समजतही होतं. नंतर बाहेर झाडाखाली बसून ती म्हणाली, “त्याहीले नाही कसं म्हणाव, बाई? जीभच नाही वळत.” मी तिच्यावर ओरडले. इतकी ओरडले की लोक बघायला लागले. ती म्हणाली, “होजी, चुकलं माह्यं.” मला. पोटच्या पोरीला.

पण ते नंतर. तिथं कोर्टात मालकाचा वकील साहेबांकडं वळला. हसतमुख.

“साहेबांनी पाहिलंच. आता या माउलीलाही वेडी ठरवायचं का? सुकरूला काही झालेलं नाही. ही या लोकांची बोलायची रीत आहे. यांच्या मोहल्ल्यात कोणालाही विचारा, तू गाढव आहेस का. होजीच म्हणेल.”

पुन्हा हसले सगळे.

“म्हणून माझं म्हणणं, सुकरू शहाणा आहे आणि विक्री कायदेशीर आहे. आणि समजा साहेबांना तो शहाणा वाटत नसेल, तर ज्यांनी त्याला वीस वर्षं सांभाळलं, त्या माझ्या अशिलांनाच पालक नेमावं.”

मी ते मनात दोनदा फिरवलं, तेव्हा कळलं. दादा शहाणा ठरला तर जमीन त्यांची. वेडा ठरला तर माणूसही त्यांचा. बळी तो कान पिळी, ही म्हण मी वर्गात शिकवत होते. वाक्यात उपयोग त्या दिवशी कळला.

आणि सगळ्यात जास्त हे झोंबलं, की तो माणूस खोटं बोलत नव्हता. आमची रीतच होती ती. पण ती आम्ही आईच्या पोटातून आणली नव्हती. ती कोणी पाडली, कशानं पाडली, हे मालकाला ठाऊक होतं. त्याच्या बापानं घोडीवरून पाहिलं होतं. आमच्या पाठीवर उमटवलेली गोष्ट आता आमचा स्वभाव म्हणून कोर्टात दाखवली जात होती.

माझं नाव पुकारलं.

“बाई, भाऊ वारला तर जमीन कोणाला मिळेल?”

“मायला. तिच्यानंतर मला.”

“म्हणजे त्याच्या मरणात तुमचा फायदा. कायदा वारसदाराला पालक नेमायला कचरतो, तो यासाठीच. बरोबर ना?”

त्यानं ‘बरोबर ना’ असं म्हटलं की मान आपोआप हलायला लागते. माझी हलायला लागली होती. मी पिंजऱ्याची कड धरली.

“नाही,” मी म्हटलं.

आवाज फार बारीक आला. मी पुन्हा म्हटलं.

“नाही. मी वारस आहे, तर तो मेल्यावर मला जमीन मिळेल. मालक वारस नाहीत, त्यांनी तो जिवंत असतानाच घेतली.”

“तुम्ही मालकांना खोटं ठरवता?”

“हो.”

हो. पुढं जी नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

“ज्यांनी तुमच्या भावाला पोसलं, त्यांना?”

“त्यांनी नाही पोसलं. दादानं त्यांची गुरं पोसली. त्याची ताटली गोठ्यात आहे. जाऊन बघा.”

साहेबांनी हात वर केला. वकील थांबला. मग त्यांनी माझ्याकडं नाही, खाली बसलेल्या दादाकडं पाहिलं. आवाज वाईट नव्हता त्यांचा.

“सुकरू, तू कधी कोणाला ‘नाही’ म्हणालास का?”

दादा उठून उभा राहिला. हात जोडले. मान खाली.

“होजी.”

यावर तर कोर्ट खदखदून हसलं. मालकसुद्धा.

“हसू नका!”

मी ओरडले. चपराशी पुढं आला. साहेबांनी त्याला थांबवलं.

“हसू नका. आज एवढी उत्तरं दिली त्यानं, त्यात हे एकच खरं आहे. म्हणाला होता तो. एकदा.”

आणि मी सांगितलं. जोडा, खेकडा, तुतारी. कोण मारत होतं तेही सांगितलं. मेलेल्या बापाचं नाव भर कोर्टात घेतलं. मागं मायनं तोंडावर पदर घेतला, तो मला दिसला. तरी थांबले नाही. घोडी कोणाची होती, ती किती वेळ थांबली होती, कोणत्या शब्दावर पुढं गेली, सगळं सांगितलं. म्हटलं, “वकीलसाहेब म्हणतात ही आमची रीत. साहेब, ही रीत खिळ्यानं लिहिलेली आहे. ज्याला तापानं बुद्धी नाही राहिली, त्याला ती पुसताही येत नाही. मला येते. म्हणून मला नेमा.”

मालकाचा वकील म्हणाला, “पाठ दाखवायला सांगा त्याला. सदरा काढ रे.”

दादानं “होजी” म्हटलं आणि गुंडीला हात घातला.

मी पिंजऱ्यातून उतरले. कोणाला न विचारता उतरले. त्याचा हात धरला आणि गुंडी पुन्हा लावली.

“नाही. आज त्याला पुरेसं बघितलं तुम्ही. डॉक्टरांनी पाठ बघितली असेल. विचारा त्यांना. त्यांच्या यादीत पाठ नव्हती, म्हणून लिहिली नसेल.”

साहेबांनी डॉक्टरांना लेखी विचारलं. पुढच्या तारखेला उत्तर आलं, ‘पाठीवर टोकदार वस्तूचे जुने व्रण.’ इतक्या वर्षांनी ते व्रण कोणीतरी कागदावर घेतले.

निकाल यायला आणखी कितीतरी तारखा गेल्या. शेवटी आला. पालक म्हणून माझं नाव. वकील म्हणाले, पेढे द्या. मी निकाल वाचला. त्यात लिहिलं होतं, ‘सुकरू हा जन्मतः दुर्बल मनाचा.’ जन्मतः. मी इतकं ओरडून सांगितलं होतं आणि कागदानं ते जन्मावर ढकललं. ना ताप, ना तुतारी, ना घोडी. कोणाचाच दोष नाही, माझ्या मायच्या पोटाचा तेवढा. मी पेढे दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मालकाकडं गेले, दादाला आणायला. एकटी गेले. मालक ओसरीवर खाटेवर बसले होते. दादा कुट्टीचं टोपलं डोक्यावर घेऊन गोठ्याकडं चालला होता.

“या मास्तरीण बाई,” मालक म्हणाले. “त्यालेच इचारून पाहू. सुकरू, तुले बहिणीसंगं जायचं हाय का?”

“होजी.”

“का इथंच राह्यचं हाय?”

“होजी.”

मालक मांडीवर थाप मारून हसले. “पाह्य. दोन्हीले हो म्हणते. आता काय करशीन?”

“म्हणूनच कोर्टानं मला नेमलं,” मी म्हटलं. “त्याचं ‘नाही’ आता माह्याजवळ हाय. तुमाले जे इचारायचं ते मले इचारा.”

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. मग ते माझ्याकडं न बघता दादाला म्हणाले, “पहिले बैलाईले चारा टाक. मंग जा.”

“होजी,” दादा म्हणाला आणि वळला.

मी त्याच्या डोक्यावरचं टोपलं काढलं. जड होतं. ओसरीपर्यंत नेलं आणि मालकाच्या पायाशी ठेवलं.

“नाही,” मी म्हटलं. “तुमचे बैल हायत. तुमी टाका.”

मग गोठ्यात गेले, वळचणीतून त्याची ताटली काढून घेतली, आणि त्याला घेऊन निघाले. रस्ताभर दादा मागं वळून बघत होता. बैल उपाशी राहतील म्हणून. त्याला मालकाची भीती नव्हती वाटत, बैलांची काळजी होती. मी कुठलं तरी मोठं काम केलं, असं त्याला अजिबात वाटलं नाही. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोललासुद्धा नाही.

याला आता दहा वर्षं होतील. दादा कारध्याला आमच्याजवळ आहे. जमिनीचा दावा मी पालक म्हणून लावला. खालच्या कोर्टात जिंकला, वर अडकला आहे. अडकू दे. मी तारखा चुकवत नाही. माय गेली. जाण्याआधी मालकाचा माणूस समेटाचं बोलायला आला होता, तेव्हा ती खाटेवरून म्हणाली, “माह्या पोरीले इचारा.” ‘नाही’ नव्हतं ते. पण होजीही नव्हतं.

त्या निकालानंतर मी शाळेत गेले, फळ्यावर गणित मांडलं, आणि रोजच्यासारखं विचारलं, “समजलं का?” चाळीस गळ्यांतून आलं, “होजी बाई!” निम्म्यांना काहीच समजलं नव्हतं, तोंडावरून दिसत होतं. सहा वर्षं मी त्या आवाजावर खूश होते. सहा वर्षं मीही तेच पेरत होते, फक्त हातात तुतारी नव्हती.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात ‘होजी’ बंद आहे. नाही समजलं तर ‘नाही समजलं’ म्हणायचं. तेही उभं राहून, मान वर करून, माझ्या डोळ्यांत बघून. महिनाभर एकही पोर बोललं नाही. मग खालच्या मोहल्ल्यातली एक मुलगी उठली. म्हणाली, “नाही समजलं बाई. आणि काल बी नव्हतं समजलं.” मी ते गणित पाच वेळा सोडवून दाखवलं. लोक म्हणतात, बाईंनी पोरं उद्धट केली. केली. अजून करणार आहे.

दादाला मी ‘नाही’ शिकवते. रोज. दहा वर्षं झाली. “दादा, तू गाढव आहेस का?” मी विचारते. तो हात जोडत नाही आता, एवढंच. माझ्याकडं बघतो, हसतो, आणि म्हणतो, “होजी.” त्याला ते येणार नाही, हे मला माहीत आहे. खिळा फार आत गेला आहे.

मी मेल्यावर त्याच्या वतीनं कोण उभं राहील, हे कोणत्याही निकालात लिहिलेलं नाही. म्हणून मी पोरं उद्धट करते आहे. एक नाही, दोन नाही, वर्गच्या वर्ग. उद्या कोणी जीप घेऊन दादाच्या दाराशी आला आणि म्हणाला, चल रे, अंगठा दे, तर दादा होजी म्हणून उठेल. त्या वेळी माझ्या हाताखालून गेलेलं एक तरी पोर मध्ये उभं राहिलं पाहिजे, आणि त्या जीपवाल्याच्या डोळ्यांत बघून त्यानं म्हटलं पाहिजे, नाही.